डावी वाटी

मावशींनी तिसऱ्या वाटीतला बटाट्याचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चावला. मऊ होता. कोमट होता. त्यापलीकडे काही नव्हतं. ओला पुठ्ठा चावावा तसं.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. कपाटाएवढ्या त्या खणात एक स्टूल, एक फळी, समोरच्या भिंतीत छोटी झडप आणि वर लाल दिवा. दिवा लाल अशासाठी, की बटाट्याचा रंग कळू नये. काय ठरवायचं ते जिभेनं. फळीवर तीन कागदी वाट्या. दोन वाट्यांत एकच बटाटा, तिसरीत वेगळा. वेगळ्या वाटीच्या नंबरावर कागदावर खूण करायची. विद्यापीठाच्या अन्नविभागात या घटकेला नऊ माणसं नऊ खणांत बसून हेच करत होती, आणि नवव्या खणात गेली चौदा वर्षं मावशीच बसत होत्या.

मावशी म्हणजे खेळाडूंच्या वसतिगृहाच्या जुन्या मुख्य स्वयंपाकीण. शाळा दोन वर्षांची, पण विद्यापीठातले भलेभले डॉक्टरेटवाले त्यांच्या तोंडाला भ्यायचे. एकदा कुलगुरू सूप छान झालंय म्हणाले, तर मावशींनी सांगितलं, की ते भांडी विसळायचं पाणी आहे, सूप अजून यायचंय. चिमूटभर मीठ इकडचं तिकडं झालं तरी त्यांना कळायचं. आसपासचे शेतकरी नवं वाण घ्यायच्या आधी एवढंच विचारायचे, की मावशींनी खाल्लं का.

हे सगळं खरं होतं, अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत. नवरा गेला, आणि आठवड्याभरात एका सकाळी चहाचं पाणी झालं. जसं रडू आलं नाही, तशी चवही आली नाही. मावशींनी कुणाला सांगितलं नाही. घरी सवयीनं जेवत होत्या, सवयीनंच जेवणाला नावं ठेवत होत्या. विभागात बिस्किटं आली, दूध आलं, मध आला. दर वेळी त्यांनी डाव्या वाटीवर खूण केली. कधी लागली असेल, कधी चुकली असेल. कुणी काही बोललं नाही.

पण आजचा बटाटा म्हणजे बिस्किट नव्हतं.

तिन्हींत कुठंतरी नवऱ्याचा बटाटा होता. म्हणजे विद्यापीठाचाच, पण स्टेडियममागच्या तुकड्यात एकतीस वर्षं तो लावला होता त्यानं, दर वर्षी बेणं जपून, घरच्या पोराला जपत नाहीत इतकं. अवघा मुलूख तो खाऊन वाढला. दुसरा बटाटा नवा, दुप्पट पिकणारा. शनिवारी स्टेडियममध्ये होणाऱ्या खेळांच्या उद्घाटनाला, निवडणुकीच्या आत, मंत्र्यांना तो जाहीर करायचा होता, आणि तोही आपल्या वडिलांच्या नावानं. माणसाच्या नावाचा रस्ता ऐकला होता, मावशी हे कळल्यावर म्हणाल्या होत्या, उकडून सोलायचा बाप पहिल्यांदाच बघतेय.

नियम साधा होता. नवांतल्या सहा जणांनी वेगळी वाटी ओळखली, तर चवीत फरक आहे असं धरायचं आणि जुनं बेणं राखायचं. नाही ओळखली, तर जुनं ठेवायला कारण उरत नाही. त्या तुकड्यावर मग धावपटूंच्या सरावाचं मैदान येणार होतं. खुंट्या ठोकूनही झाल्या होत्या.

मावशींनी पेन्सिल उचलली आणि डाव्या नंबरावर नेली. तिथंच ती थांबली. त्यांनी तिन्ही वाट्यांतून पुन्हा एकेक तुकडा खाल्ला. त्याचा बटाटा तोंडात असून कळत नव्हता. बिस्किटांचं खोटं खपलं होतं. याच्यावर अंदाज ठोकायचा, हे मात्र हाताकडून होईना.

कागदाच्या तळाशी मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत त्यांनी लिहिलं : मला कळत नाही.

झडपेतून कागद सरकवला. पलीकडून एका हातानं तो घेतला, आणि तो हात तसाच राहिला. हात सुनेचा होता. या विभागात वाट्या भरून लावायचं काम तिचंच. मग झडप बंद झाली.

आता बोलावतील, मावशींना वाटलं. उठवतील या स्टुलावरून, दुसऱ्या कुणाला बसवतील, चाचणी पुन्हा होईल. त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि वाट बघत बसल्या.

बोलावलं ते विभागप्रमुखांनी, आणि बसायला खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावर नऊ कागद मांडलेले होते. बराच वेळ श्वास रोखून धरलेला माणूस बोलतो तसे ते बोलत होते.

"बाकीच्या आठांतल्या पाच जणांनी ओळखलं, मावशी. पाच! माझा जीव टांगणीला. तुमचा कागद शेवटी उघडला." त्यांनी तो उचलून दाखवला. "तुम्हालाही फरक कळत नाही म्हटल्यावर विषयच संपला."

मावशींना वाक्य समजायला जरा वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, की त्यांनी फरकाचं लिहिलेलं नाही.

"मला काहीच कळत नाही, साहेब. अकरा महिने झाले. मीठसुद्धा."

 विभागप्रमुख इतके हसले, की चष्मा काढावा लागला.

"बरोबर आहे. आमच्या कँटीनमध्ये जेवत असाल. सांगतो तिथल्या आचाऱ्याला."

हसत हसतच त्यांनी निकालावर सही केली. सही करताना मात्र वर पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी स्टेडियम भरलं. खाली खेळाडूंच्या रांगा, वर शेतकरी, आणि पहिल्या रांगेत, मधोमध, मावशी आणि सून. लाउडस्पीकरवरून दोनदा सांगितलं गेलं, की खुद्द मावशींनाही फरक कळला नाही. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर स्टेडियमच्या मागून यंत्राची घरघर ऐकू आली. जमीन सपाट करत होतं.

कागदी प्लेटा फिरल्या, प्रत्येकीत एक उकडलेला बटाटा. मावशींची प्लेट मंत्र्यांनी स्वतः आणली. कॅमेरे वळले. कसा आहे, त्यांनी विचारलं. मावशी चावत राहिल्या. रांगाच्या रांगा गप्प झाल्या.

"गरम आहे," मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. मंत्री सगळ्यांत जास्त हसले आणि पुढं गेले.

सून समोर मैदानाकडे बघत होती.

"डाव्या वाटीत ठेवला होता, आई," ती हळूच म्हणाली. "वेगळा. तुम्ही तिथंच खूण करता म्हणून."

मावशींनी घास गिळला.

"तुला कधीपासून माहीत?"

"चाचणीच्या आधी एकदा तुम्ही भाजी खारट म्हणालात. तुमच्या वाट्याला मी हिवाळ्यापासून मीठ घालत नाहीये."

मागं यंत्र थांबलं, वळलं, पुन्हा सुरू झालं. मावशींनी प्लेट मांडीवर नीट ठेवली. अर्धा बटाटा उरला होता.

"मीठ आण," त्या म्हणाल्या.

सुनेनं प्लेटा वाढायच्या टेबलावरून मिठाची पुडी आणून फोडली. मावशींनी ती अर्ध्या बटाट्यावर सगळी रिकामी केली, आणि खाऊ लागल्या.

मागच्या रांगेतल्या एका शेतकऱ्यानं ते पाहिलं. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. थोड्याच वेळात रांगभर माणसं मीठ मागू लागली.