न झालेला धूर

"काका, तुमचा फलक वीस हजार टन मागे आहे," शिडीखालून इंजिनियर बाई म्हणाली.

धूरकाका वरच थांबले. अणुवीज केंद्राच्या फाटकावर फलक होता: 'कोळसा न जाळल्यामुळे आजवर टळलेला कार्बन वायू'. रोज सकाळी शिडीवर चढून त्यावरच्या आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या बदलणं हे काकांचं काम. जिथे धुराची रेघही निघत नाही तिथे माणसाचं नाव धूरकाका पडावं, यात कोणाला काही गंमत वाटली नव्हती.

बायकोला वाटली होती. "जे झालंच नाही ते मोजायचा पगार? मग मी न केलेली भांडणंही मोजा की!"

ती कोळशाच्या वीजकेंद्राशेजारी वाढलेली. तिच्या माहेरी सकाळी वाळत घातलेली पांढरी चादर संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायची. इथे आल्यावर ती गरज नसतानाही चादरी धुवायची. आणि काका घरी आले की विचारायची, "आज किती?" आकडा ऐकून मान हलवायची, जणू तेवढा धूर तिच्या माहेरातूनच वजा झालाय.

"आज संध्याकाळी केंद्र कायमचं बंद होतंय. दुपारी फलकाचा फोटो आहे," इंजिनियर म्हणाली. "आकडा संगणकाशी जुळायला हवा. एक अख्खा दिवस राहिलाय. कुठला?"

"गेल्या वर्षीचा. सतरा तारीख."

"विसरलात?"

"छे. ही गेली त्या दिवशी. नंतर आलो कामावर, पण तो दिवस काही धरवेना."

ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "राहू द्या, काका. संगणक चुकलाय म्हणून सांगते मी."

"त्या बिचाऱ्यावर कशाला ढकलायचं? केंद्र त्या दिवशीही चालूच होतं, पोरी. बंद मी होतो."

एकच पाटी बदलायची होती, चाराच्या जागी सहा. त्याला पाऊण तास लागला. इंजिनियर बाई तेवढा वेळ शिडी धरून उभी राहिली, शिडी भिंतीला पक्की बांधलेली असूनसुद्धा.

संध्याकाळी केंद्र थांबलं. उद्यापासून नदीपलीकडची जुनी कोळशाची चिमणी पुन्हा पेटणार होती. काकांनी घरी येऊन दोरीवरची पांढरी चादर काढली, काठाला काठ लावून घडी घातली आणि कपाटात ठेवली.

"आज किती?" कोणी विचारलं नाही.

काकांनी तरी पूर्ण आकडा सांगितला, सतरा तारखेसकट. मग कपाट लावून घेतलं.