थानासेनाचं खरं नाव

मित्रांनो, नावालाही आयुष्य असतं हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते, कारण माझं फार लांबलंय आणि त्यातलं निम्मं मी रागात काढलंय. मी एक जुनं नाव आहे. बाईमाणसाला हाक मारायचं. दिमित्रा.

मला कुणी घडवलं ते मलाच ठाऊक नाही. माझ्या शेपटाकडे 'आई' हा अर्थ आहे, एवढं सगळे मानतात. डोक्याकडे काय आहे यावर शिकलेली माणसं अजून भांडतात. कुणी म्हणतो धरणी, कुणी म्हणतो जव. भांडोत बापडी. ज्या बायका मला हाक मारायच्या त्यांना भांडायला वेळ नव्हता. धरणी काय नि जव काय, दोन्हींतून शेवटी भाकरीच निघते.

मी देवीचं नाव होते. पेरणीच्या आधी तीन दिवस बायका घरदार सोडून एकत्र बसायच्या आणि मला हाका मारायच्या. पुरुषांना तिथं फिरकायची बंदी. या देवीची लेक पळवली, तेव्हा तिनं जगातलं एकही बी उगवू दिलं नाही. थोरल्या देवानं समजूत घालायला इरिस नावाची एक निरोपी पोरगी धाडली. देवीनं तिला आल्या पावली परत पाठवलं. त्या पोरीचं नाव लक्षात ठेवा, तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं.

मग देवळं पडली आणि चर्चं उभी राहिली. माझ्या नावाची संत काही कुणी शोधली नाही. संत झाला तो दिमित्रिओस, घोड्यावरचा शिपाई. त्याचं नाव माझ्यावरून पडलं, आणि सण मात्र त्याचा! आमच्याकडे आपल्या नावाच्या संताचा सण तोच आपला दिवस, म्हणून ऑक्टोबरात त्याच्या सणाला माझ्या नावाच्या लेकींनी चोरून बसायचं, दुसऱ्याच्या ताटाशी बसल्यासारखं. हजार वर्षांनी धाकटा आहे हो तो माझ्याहून.

पुढे तर माझी अगदीच शोभा झाली. आमच्या ग्रीक भाषेत धान्याला माझ्याच नावानं ओळखतात, ते ठीक. पण आता दुधात घालून खायच्या कुरकुरीत चकत्यांच्या खोक्यावरही मीच. गिरणीवर मी, पेट्रोल पंपावर मी, हमरस्त्यावरच्या हॉटेलवर मी, तेही एक अक्षर गळलेलं. सगळीकडे मला लिहितात. हाक कुणी मारत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे एक बाई. थेसलीच्या मैदानात, कार्दित्साजवळ, गव्हाकापसाच्या गावात ती राहते. चौऱ्याहत्तर वर्षांपूर्वी तिच्या बाप्तिस्म्याला मी तिच्याकडे आले. आई तिला दिवसातून शंभर वेळा हाक मारायची, "दिमित्राऽ, कोंबड्या कोंड!" काय दिवस होते! विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. सासर त्याच गावात, दोन गल्ल्या पलीकडे. तेवढ्या दोन गल्ल्या ओलांडल्या आणि दिमित्राची थानासेना झाली. म्हणजे थानासिसची बायको. आमच्या गावांतून बायकांना असंच म्हणतात. थानासिस स्वतः तिला "अगं" म्हणायचा, पोरं "आई". थानासिस गेला, त्यालाही नऊ वर्षं झाली, तरी ती थानासेनाच. दवाखान्याच्या कागदावर मी होते. चर्चमध्ये पाद्री प्रसादाच्या वाइनचा चमचा तिच्या तोंडाशी नेताना मला ओठांत पुटपुटायचा. ती काय हाक झाली?

चौपन्न वर्षं ती एका गोष्टीची वाट बघत होती. मुलाच्या पहिल्या मुलीला त्याच्या आईचं नाव द्यायचं, असा आमचा रिवाज. तिच्या मुलाला, लाम्ब्रोसला, मुलगी झाली, आणि म्हातारीला एवढंच हवं होतं की अंगणात एकदा कुणी "दिमित्रा, आत ये" असं ओरडावं. हाक नातीला का असेना, कान तिचे होते.

बाप्तिस्मा होईपर्यंत लेकराला नाव नसतं, सगळे नुसतं बेबा म्हणतात. पण सून स्तेला, लारिसा शहरातली, तिनं नाव ठरवून टाकलं होतं. तेही कुठलं? इरिस! ती निरोपी पोरगी!

एका सकाळी बेबाला मांडीवर घेऊन ती खोक्यातल्या चकत्या खात होती. म्हणजे माझ्याच नावात चमचा घालत होती. म्हातारीनं विचारलं, "सूनबाई, दिमित्रा नावाला काय कीड लागलीय?"

"कीड नाही हो आई. माझ्या वर्गात चार दिमित्रा होत्या. बाईंनी एकीला हाक मारली की चौघी वळायच्या. माझी मुलगी एकटी वळली पाहिजे."

"आणि या गावात हाक मारली तर आता कोण वळतं ते बघ. एक कुत्रं वळायचं नाही."

लाम्ब्रोस मधे पडला. बिचारा दोघींच्या मधला लोण्याचा गोळा. "आई, दोन्ही ठेवू. इरिस-दिमित्रा. कागदावर राहील ना तुझं."

"मी काय ट्रॅक्टरमागची ट्रॉली आहे रे, अडकवायला? म्हणे कागदावर! हाक काय मारशील?"

"इरिस," लाम्ब्रोस हळूच म्हणाला.

"मग तुझा कागद तूच चाट."

रविवारी बाप्तिस्मा. जुन्या चालीप्रमाणे आई बाहेर अंगणात थांबते आणि नाव ऐकलं की गावची पोरं धावत जाऊन तिला सांगतात. स्तेला बाहेर होती. आत तांब्याच्या घंगाळाशी धर्ममाता मागदा बेबाला घेऊन उभी. आता जे काही उच्चारायचं ते फक्त तिनं. पाद्री होते पापा-स्तेर्गिओस, म्हातारीच्याच वयाचे, तिच्याबरोबर तिसरीपर्यंत शिकलेले.

"नाव?" त्यांनी विचारलं.

"इरिस."

पापा-स्तेर्गिओसनी पुस्तक मिटलं. "या नावाची संत नाही. मूर्तिपूजकांचं नाव हे. जोडीला एखादं ख्रिस्ती नाव हवं." मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. "थानासेनाचं नाव आहे की घरचंच! चांगलं ख्रिस्ती. तेच लावू या."

मी, ख्रिस्ती! मी हसावं की रडावं? ज्या पोरीला आमच्या देवीनं दारातून परत धाडलं, तिच्या अंगरख्याला आता मी ठिगळ!

सगळं चर्च म्हातारीकडे वळलं. लाम्ब्रोसचा चेहरा उजळला. तिला हवं ते मिळत होतं, तेही न मागता. तिनं मान हलवली असती की झालं.

ती उभी राहिली. "नको."

"काय नको?"

"ठिगळ नको. माझं नाव तुझ्या त्या जाडजूड वहीत चौऱ्याहत्तर वर्षं पडून आहे, धूळ खात. आता हे तान्हं पोर कशाला कोंडतोस तिथं? आई तिला इरिस म्हणणार, तर इरिसच कर. आणि मूर्तिपूजकांचं म्हणतोस तर माझं कुणाचं रे? बाप्तिस्म्याला मला या घंगाळात बुडवलंत तेव्हा कुणी हूं का चूं केलं नाही!"

मागच्या बायका खुदखुदल्या. पाद्रींची दाढी थरथरली. "थानासेना, बाप्तिस्मा चालू आहे. गप्प बस!"

"थानासेना कोण? थानासिसला तूच पुरलास ना? मग त्याच्या नावानं मला का हाकतोस? शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसून माझ्या वेण्या ओढायचास, तेव्हा काय म्हणायचास? तेवढं म्हण. मग बसते."

पापा-स्तेर्गिओसचं तोंड बिटासारखं लाल झालं आणि ते पोटातून ओरडले,

"दिमित्रा! खाली बस!"

मित्रांनो, घुमटापर्यंत गेले मी. चौपन्न वर्षांनी माझ्यात कुणी पुरा श्वास भरला. वर जाऊन परत खाली आले, तेव्हा म्हातारी बसली होती, हात मांडीवर, ओठ घट्ट मिटून. डोळ्यांचं मी सांगणार नाही, ते तिचं तिच्यापाशी.

बेबाला इरिस नाव मिळालं, जोडीला काही नाही. पोरं बोंबलत बाहेर पळाली. "स्तेलाकाकू, इरिस! इरिस झाली! आणि पाद्रीबाबा कुण्या दिमित्रावर केवढे ओरडले!"

"कोण दिमित्रा?" स्तेलानं विचारलं.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. गावातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. मग स्तेलाच्या ध्यानात आलं, आणि ती कानांपर्यंत लाल झाली. ते मला आवडलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्याही घरात कुणी 'अमक्याची आई' असेल, 'तमक्याची बायको' असेल. तिचं नाव तुम्हांला येतं का? येत नसेल तर लाज वाटू द्या आणि जाऊन विचारा. मग ते एकदा मोठ्यानं म्हणा, दारापर्यंत ऐकू जाईल असं. नावाची निगा राखायला तेल लागत नाही की फडकं लागत नाही. हाक लागते. आणि रागानं मारलीत तरी चालते.