क्लाइव्हचा प्रोसेसर

"हा नको. याच्या वरचा दाखव," काउंटरवर कोपर टेकून ब्रेट म्हणाला.

मर्नाने चौथ्यांदा कपाटाला किल्ली लावली. बर्नी गावातल्या त्या दुकानात एकवीस वर्षं ती कॉम्प्युटर जुळवत होती. आकडे फेकणारी गिऱ्हाइकं तिने पोत्याने पाहिली होती आणि आताशा त्यांचा तिला वीट आला होता.

ब्रेट चाळिशीचा. शेजारी त्याचा बाप क्लाइव्ह, हातात टोपी धरून उभा. सगळा जन्म कागदाच्या गिरणीत गेलेला माणूस. बायको नोरीन गेल्या हिवाळ्यात गेली. ती चर्चमध्ये गायची आणि हा तीस वर्षं तिचं चित्रण करत आला. त्या टेपा कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि टीव्हीवर बघायच्या, एवढंच त्याचं मागणं होतं.

"तुम्हाला चार कोअरचा प्रोसेसर भरपूर झाला," मर्ना थेट म्हाताऱ्याशी बोलली. "चित्र दाखवायची सोय त्याच्यातच असते. फारसा तापत नाही, म्हणून पंखाही घोंगावत नाही. गाणं ऐकताना शेजारी कुणी गवत कापतंय, असं वाटायला नको."

क्लाइव्ह हसला. "नोरीनने त्या गवतवाल्यालाच बाहेर काढलं असतं."

"डॅड, चार कोअरमध्ये काय होतंय?" ब्रेट वैतागला. "हिचं काय ऐकतोस! बारा कोअरवाला घे."

"बारा कोअर गेम खेळणाऱ्यांना लागतात. कुठला गेम खेळता?" मर्नाने विचारलं.

"मी? अगं, मशीन यांचं आहे."

"म्हणूनच विचारलं."

ब्रेटचे कान लाल झाले. क्लाइव्ह घाईघाईने मध्ये पडला. "असू दे, असू दे. त्याला यातलं कळतं. बारावाला द्या." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तोच घरी येऊन सगळं जोडून देणार आहे. रविवारी."

मर्नाने बारा कोअरचा प्रोसेसर बसवून मशीन तयार केलं. पोराची तर तिला किळस आलीच, पण गप्प बसून मशीन हातात दिलं, म्हणून स्वतःचीही आली.

तीन महिन्यांनी क्लाइव्हचा फोन आला. "दोन मिनिटं चालतं आणि अडकतं. नोरीनचं तोंड उघडंच राहतं हो, मर्ना. मग सगळं काळं. बघवत नाही."

शनिवारी दुपारी दुकान बंद करून ती टेकडीवरच्या त्याच्या घरी गेली. त्याने चहा ठेवला. तिने मशीन आडवं केलं, पंखा सोडवला आणि तिथेच थांबली.

आतला प्रोसेसर तिने बसवलेला नव्हता. त्याच खाचेत बसणारा, सहा-सात वर्षांपूर्वीचा, साधा. उष्णता पंख्याकडे नेणारा वरचा लेप नवा लावायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. जुनाच वाळून खपलीसारखा निघत होता. त्यात मांजराचे केस आणि सिगारेटची राख चिकटली होती. उष्टं ताट परत वाढावं तसं ते बापाच्या घरात आणून बसवलं होतं.

"ब्रेट आला होता का?"

"आला होता ना!" चहा ओतता ओतता क्लाइव्ह म्हणाला. "पंधरा दिवस झाले. मी बोलावलं पण नव्हतं. आतून साफ करून देतो म्हणाला. जेवला. भाजलेलं कोकरू दोनदा घेतलं, आईसारखं झालंय म्हणाला."

स्पिरिटमध्ये कापूस बुडवून मर्ना ती घाण खरवडत राहिली. कापूस काळा झाला, दुसरा घेतला, तोही काळा झाला. शेवटी नवा लेप लावून तिने पंखा आवळला.

मशीन चाललं. दोन मिनिटं झाली, दहा झाली. निळ्या झग्यातली नोरीन गाणं पुरं करून वाकली, मागच्या बाकावरून कुणी खोकलं तेही ऐकू आलं. क्लाइव्ह टोपी मांडीवर ठेवून बसला होता.

हे असं झाकून ठेवायचं नाही, असं मर्नाने ठरवलं.

"क्लाइव्ह, एक सांगते. तुमच्या ब्रेटने तो प्रोसेसर…"

"थांबा, बरी आठवण केलीत." तो उठला. फळीवरून त्याने प्रोसेसरचा चकचकीत रिकामा खोका काढला. त्यावर मोठ्या अक्षरात बारा छापलं होतं. बाहीने त्याने धूळ पुसली. "तुमच्या वाटेवरच राहतो तो. जाता जाता एवढा टाकाल त्याच्याकडे? पुढेमागे विकायचा झालाच, तर खोक्यासकट चांगला जातो, असं तोच म्हणत होता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो पिशवी शोधत होता.

तो खोका इथेच पायाखाली चिरडावा, असं मर्नाला वाटलं. पण क्लाइव्हने तो पिशवीत ठेवला, कोपरे मुडपू नयेत म्हणून भोवती वर्तमानपत्र खोचलं आणि पिशवीच्या तोंडाला सावकाश, नीट गाठ मारली.