नवतरुणी संघाची शेवटची चढाई

लिलावात अक्षदा घाडीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिची सासू छताच्या पंख्याकडे बघत होती.

पंखा काही फार बघण्यासारखा नव्हता. करी रोडच्या चाळीच्या हॉलमधला, एक पातं वाकडं असलेला, चालताना कुरकुरणारा. पण मीराबाई घाडींनी त्याच्यावरची नजर काही हलवली नाही. पस्तिशीपुढच्या बायकांच्या गिरणगाव महिला कबड्डी लीगमध्ये यंदा मोठ्या लीगसारखा लिलाव ठेवला होता. प्रत्येक कर्णधाराला थोडे गुण दिलेले, त्या गुणांची बोली लावून खेळाडू उचलायच्या. मीराबाई 'नवतरुणी महिला संघा'च्या कर्णधार. या संघातली सगळ्यात कोवळी तरुणी त्रेचाळीस वर्षांची होती आणि कर्णधारांनी साठी कधीच ओलांडली होती.

"अक्षदा हितेंद्र घाडी," पंच राजेश सरांनी पुन्हा पुकारलं. "डावा कोपरा. कोणी आहे का?"

अख्ख्या हॉलनं मीराबाईंकडे पाहिलं. घरचीच सून, दुसरं कोण घेणार? मीराबाईंनी हात वर केला खरा, पण तो अंबाडा नीट करायला. शेवटी चिंचपोकळीच्या 'वाघीण' संघाची कर्णधार प्रिया कोळी हिनं अक्षदाला कमीत कमी बोलीत उचललं, तेही बाहेर आलेले समोसे गार होऊ नयेत म्हणून.

अक्षदाच्या मनाला हे फार लागलं. कॉलेजात ती विद्यापीठाकडून खेळली होती. लग्न, बँकेतली नोकरी आणि मुलाची शाळा यांत खेळ सुटला, आणि इतक्या वर्षांनी तिनं पुन्हा गुडघ्यांना पट्टे बांधले ते सासूशेजारी एका संघात उभं राहायला मिळेल म्हणूनच. आता अख्ख्या लालबागला कळलं होतं की मीराबाईंना स्वतःची सून फुकटातही नको.

"आई, मला का नाही घेतलंत?" घरी आल्यावर तिनं सरळ विचारलं.

मीराबाई कोथिंबीर निवडत होत्या. "तू घोट्याला हात घालतेस आणि सोडतेस. समोरचीला लागेल म्हणून. कबड्डीत माया नाय चालत गो."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. त्या दिवसापासून अक्षदाला एकच ध्यास लागला. सासूचा घोटा एकदा तरी असा धरायचा की तिला पुन्हा पंख्याकडे बघायची हिंमत होता कामा नये.

पण मीराबाईंना धरणं सोपं नव्हतं. एक तर समोरच्या बायका त्यांना धरायलाच तयार नसत. निम्म्या जणींच्या बारशाला मीराबाईंनी पाळणा म्हटलेला. एखादीनं चुकून कमरेला मिठी मारलीच, तर "सॉरी हं काकी" म्हणून ती स्वतःच सोडून द्यायची, आणि काकी गुण घेऊन परत. त्यात त्यांचा दम. तो तर परळपर्यंत प्रसिद्ध. भाकऱ्या थापताना त्यांचं कबड्डी कबड्डी सुरू व्हायचं ते शेवटची भाकरी टोपलीत पडेपर्यंत. एकदा पार्सलवाला दारात आला आणि ओटीपी मागू लागला. मीराबाईंनी दम न सोडता त्याला चारही आकडे बोटांवर दाखवले. तो पोरगा जिना उतरताना दोनदा मागे वळून बघत होता.

घरात आता दोन संघ झाले. सासूनं सराव केला की सून बेडरूमचं दार लावून घ्यायची, आणि सून जोर मारायला लागली की सासू मिक्सर लावायची. मिक्सरची कमतरता नव्हती, उत्कृष्ट चढाईचं बक्षीस म्हणून दरवर्षी एक यायचा. अक्षदाच्या नवऱ्याचे, हितेंद्रचे, तर हाल विचारू नका. "दोघीही छान खेळता," असं तो एकदा म्हणाला, आणि पुढचे काही दिवस त्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

एक रीत मात्र या भांडणातही चालू होती. महत्त्वाच्या कामाला निघताना मीराबाईंच्या पाया पडायचं. आणि पाया पडणाऱ्याला त्या कधी तसंच उठू द्यायच्या नाहीत. तोंडात चहाचा घोट असो की कानाला फोन, आशीर्वाद निघणारच. मोरी तुंबली होती तेव्हा शिवा प्लंबर जाळी बघायला त्यांच्या पायाशी वाकला, तर "सुखी राहा" हे त्यालाही मिळालं. शिवा इतका गडबडला की पाना मोरीतच विसरून गेला.

अंतिम सामना नवतरुणी आणि वाघीण यांच्यातच ठरला. आदल्या संध्याकाळी लालबागच्या बाजारात, आपल्या मासळीच्या पाटामागे बसून, प्रियानं अक्षदाला शेवटचा धडा दिला.

"हातातला मासा कधी निसटतो, माहितीय? आपण विचार करायला लागलो की. ती सासू नाय, मासा हाय. धरला की धरला."

सामन्याच्या दिवशी अक्षदा पाया न पडताच घराबाहेर पडली. लग्नानंतर असं पहिल्यांदाच झालं. जिन्यात तिचं पाऊल अडखळलं, परत फिरावंसंही वाटलं, पण पंखा आठवला आणि ती ताडताड खाली उतरली. वर दारात मीराबाई उगाचच पायपुसणं झटकत उभ्या होत्या.

परळच्या मैदानावर खुर्च्या कमी आणि बायका जास्त होत्या. हितेंद्र बरोबर मध्यरेषेच्या समोर बसला होता आणि कोणालाही गुण मिळाला तरी टाळ्या वाजवत होता. सामना चढत गेला, गुण बरोबरीत आले आणि शेवटची चढाई उरली. नवतरुणींकडून अर्थातच मीराबाई निघाल्या. त्यांनी पदर नसलेल्या टी-शर्टवर सवयीनं पदर खोचला, मॅटला हात लावून तो कपाळाला लावला आणि कबड्डी कबड्डी करत आत शिरल्या.

वाघिणी आदरानं मागे सरकल्या. डाव्या कोपऱ्यात अक्षदा तेवढी जागची हलली नाही. मीराबाईंचा पाय तिच्या दिशेनं आला, आणि ती झेपावली. दोन्ही हातांत घोटा सापडला. मीराबाई बासष्ट वर्षांचं सगळं बळ लावून मध्यरेषेकडे निघाल्या, मागून अक्षदा मॅटवर पोट घासत फरफटत निघाली. कोपर सोललं, पट्टा सुटला, पण बोटं सुटली नाहीत. रेषा वीतभर उरली तेव्हा तिचं कपाळ थेट सासूच्या पावलावर आदळलं.

"कबड्डी कबड्डी कबड्डी यशस्वी हो गो बाय कबड्डी कबड्डी," मीराबाई म्हणाल्या.

 मग राजेश सरांची शिट्टी वाजली, पण जरा घाबरत.

"दम तुटला," प्रिया ओरडली.

"कसला तुटला?" नवतरुणींच्या राधाबाई गुडघा सांभाळत मॅटवर घुसल्या. "आशीर्वाद दिला तिनं. आशीर्वाद दिल्यानं कोणी बाद होतं का? आणि भर सामन्यात पाया पडणं ही शुद्ध फसवणूक आहे."

"पाया नाही पडले, पकड केलीय," अक्षदा खालूनच म्हणाली.

राजेश सरांना घाम फुटला. सामन्याआधी ते स्वतःही मीराबाईंच्या पाया पडले होते. "काकी, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "दम तुटला का? तुम्ही नाही म्हणालात तर चढाई पुन्हा घेऊ."

 सासूनं एक शब्द उच्चारला की सगळं पाण्यात जाणार होतं, कोपरासकट. मीराबाईंनी खाली पाहिलं. घोटा अजून सुनेच्या हातातच होता.

"शिट्टी झाली. सोड आता."

"नाही सोडणार, आई."

"लागतंय मला."

"लागू दे."

मीराबाईंच्या तोंडाचा आधी चंबू झाला, मग तो हळूहळू पसरत गेला. खूप राग आला किंवा खूप आनंद झाला की त्यांच्या तोंडून मालवणी निघायची. यातलं नक्की काय झालंय, ते अक्षदाला पहिल्या क्षणी कळेना.

"सकाळपासून घशात अडाकलेलो आशीर्वाद," त्या राजेश सरांना म्हणाल्या. "एकदा दिलंय, तो माघारी कसो घेवचो? माजो दम तुटलो. लिवा."

वाघिणी नाचायला लागल्या. प्रियानं हितेंद्रलाच मिठी मारली. तो बिचारा टाळ्या वाजवायच्या ऐवजी चक्क रडत होता. राधाबाई कर्णधार बदलायची भाषा करत निघून गेल्या. मीराबाई मात्र तशाच एका पायावर उभ्या राहिल्या, वाकल्या आणि सुनेच्या केसांतली धूळ झटकू लागल्या.

"पुढच्या लिलावात मी पंख्याकडे बघणार नाय," त्या हळूच म्हणाल्या.

तेव्हा कुठे अक्षदानं घोटा सोडला.