हरलो की फोन करतो

रेनो लेहतोलाच्या घरी देवाची आठवण जेवणाआधी एकदाच निघायची, बेसबॉलचे नियम मात्र उन्हाळाभर पाळावे लागायचे. आपला संघ जिंकायला लागला की काही म्हणजे काही हलवायचं नाही. ज्या खुर्चीत बसलात त्याच खुर्चीत बसायचं. जो सदरा अंगात होता तोच घालायचा, आणि तो धुवायचा नाही. आणि सुरुवातीला जो तिथे नव्हता त्याने मध्येच यायचं नाही.

पहिले सगळे नियम त्याच्या बापाचे. बाप लोखंडाच्या खाणीत राबायचा आणि शनिवार-रविवारी बायकामुलांना घेऊन तळ्यावर यायचा, स्वतःच्या हाताने बांधलेल्या लाकडी केबिनमध्ये. ओट्यावर रेडिओ, रेडिओभोवती सगळे. एकदा काका संडासात गेलेला असताना आपल्या संघाने होम रन मारला. काका परत आला तर समोरच्यांनी धावा काढायला सुरुवात केली. बापाने काकाच्या दंडाला धरलं आणि त्याला परत संडासात नेऊन बसवलं. उरलेला सामना काकाने त्या लाकडी खोक्यात डास मारत काढला, पण संघ जिंकला. आता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, हे काय त्यांना कळत नव्हतं? कळत होतं. पण सांगणार कोण?

शेवटचा नियम मात्र थोरल्या बहिणीचा, आयलीचा. ती तेव्हा फ्रॉकमध्ये होती. सामना रंगात आलेला असताना शहरातून पाहुणे आले, आइस्क्रीमचा डबा घेऊन. आयली धावत रस्त्यापर्यंत गेली आणि गाडीच्या दारापुढे आडवी उभी राहिली. तुम्ही आधी नव्हता, आता येऊ नका, म्हणाली. पाहुणे बिचारे गाडीतच बसून राहिले आणि वितळायला लागलेलं आइस्क्रीम त्यांनीच खाऊन टाकलं. बाप मरेपर्यंत ही गोष्ट सांगायचा, आणि दर वेळी सांगताना त्याची छाती फुगायची.

आता बाप नव्हता, काका नव्हता. केबिन दोघांच्या नावावर होती, रेनोच्या आणि आयलीच्या. रेनो खाणीच्या गावातच राहायचा, ट्रक चालवायचा. आयली डुलुथ शहरात, नवरा क्लॅरेन्ससोबत. उन्हाळ्यात दर शनिवारी दोन्ही जोडपी तळ्यावर जमायची. संध्याकाळी सौना पेटवायचा, त्या लाकडी खोलीत वाफेने अंग लालबुंद होईपर्यंत बसायचं, आणि मग धावत जाऊन धक्क्यावरून तळ्यात उडी. रेनो उडी मारून लगेच बाहेर यायचा. आयली मात्र पार दूरच्या खडकापर्यंत पोहत जायची आणि तिथे बसून ओरडायची, "पाणी गार आहे रे, भित्र्या!" साठी आली तरी तिचा हा नेम चुकला नव्हता.

त्या वर्षी संघाची दशा बघवत नव्हती. जून संपला तरी हरण्याशिवाय दुसरं काही ठाऊक नाही. रेनो रेडिओला शिव्या देऊन देऊन थकला होता. जुलैतल्या एका शनिवारी क्लॅरेन्सची गाडी बिघडली आणि ती दोघं तळ्यावर आली नाहीत. आणि नेमका त्याच दिवशी संघ जिंकला. रविवारी जिंकला. सोमवारी, मंगळवारी जिंकला. गावातल्या न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे रेडिओला कान लावून बसले. रेनोने निळा सदरा अंगातून काढला नाही, आणि बायकोला, बर्नीसला, सांगितलं की येत्या शनिवारीही तेच मासे, तोच बटाटा, तीच बशी. बर्नीस म्हणाली की सदऱ्याचा वास आता रेडिओतून समोरच्या संघापर्यंत पोचत असणार, म्हणूनच ते हरतात.

गुरुवारी आयलीचा फोन आला. गाडी दुरुस्त झाली, शनिवारी येतो. आणि मग तिने सांगितलं की महिनाअखेरीस पोटाचं काहीतरी कापायचं म्हणतायत डॉक्टर. तसं विशेष काही नाही. पण नंतर किती दिवस पाण्यात जाऊ देणार नाहीत कुणास ठाऊक, म्हणून त्याआधी एकदा खडकापर्यंत जाऊन यायचं आहे.

रेनोने हे ऐकलं. ऐकलं नाही असं त्याला नंतर कधी म्हणता आलं नाही. पण त्याच्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच, की गेल्या शनिवारी ही नव्हती.

"आयली," तो म्हणाला, "गाडी अजून बिघडलेलीच आहे असं समज ना."

 तिकडे ती हसली, चांगली खळखळून. "माझाच नियम माझ्याच गळ्यात घालतोस होय रे गाढवा? बरं. हरलात की फोन कर."

"हरलो की फोन करतो," रेनो म्हणाला, आणि मनातल्या मनात म्हणाला, अशी बहीण मिळायला भाग्य लागतं. खोटं नव्हतं ते. लागतंच भाग्य.

बर्नीसला हे कळलं तेव्हा तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं. ती बाहेरच्या गावची, तिला या घराण्याचं हे खूळ कधी झेपलं नाही. आजारी बहीण घरी येते म्हणते आणि तू तिला दारातून परत पाठवतोस, असं ती म्हणाली. रेनो म्हणाला, आजारी कसली, डॉक्टरांना कापल्याशिवाय चैन पडत नाही. सबंध उन्हाळा पडलाय, आणि हा डाव काय जन्मभर चालणार आहे? आज ना उद्या हरतीलच.

पण हरेनात. देव पाण्यात घालून बसलेल्या माणसाचं देवाने ऐकलं की त्याचं काय होतं ते रेनोकडे बघून कळत होतं. दुसरा शनिवार गेला. रेनो ओट्यावर त्याच खुर्चीत, उजवा पाय कठड्यावर, सदरा आपला आपण उभा राहील इतका कडक. तळं समोर चमकत होतं आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. सौना पेटला नाही, कारण पहिल्या शनिवारी लाकडं ओली म्हणून तो पेटवला नव्हता. आयलीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली होती, तीही तशीच राहिली. आठवडाभर रोज कामावरून आल्यावर तो रेडिओ लावायचा, आणि रोज जिंकले की खिडकीतून शेजाऱ्याला मूठ उगारून दाखवायचा.

तिसऱ्या शनिवारी सकाळी तो गळाची गांडुळं आणायला तळ्याकाठच्या दुकानात गेला. केबिनमध्ये फोन नव्हता, कुणाला काही निरोप द्यायचा तर याच दुकानात. दुकानदाराने रिसीव्हर पुढे केला, बहीण आहे तुझी, केव्हाची थांबली आहे.

आयलीचा आवाज बारीक झाला होता. तिने एक तोडगा काढला होता. ती केबिनमध्ये येणारच नाही. ओट्यावर येणार नाही, रेडिओच्या आसपास फिरकणार नाही. क्लॅरेन्स गाडी रस्त्यावरच उभी करेल. सामना चालू असताना ती गाडीतच बसून राहील, त्या आइस्क्रीमवाल्या पाहुण्यांसारखी, आणि मग शेजाऱ्याच्या धक्क्यावरून पाण्यात उतरेल. खडकापर्यंत नाही तर नाही, नुसती उतरेल.

आता तुम्हीच सांगा, याच्यावर माणूस काय बोलेल? दगडालाही पाझर फुटला असता. रेनोलाही फुटला, नाही असं नाही. त्याच्या ओठांवर आलं होतं की ये गं बाई, आत्ता निघ. पण दुकानात चार जण कॉफी पीत उभे होते, सगळे कान देऊन, आणि सगळ्यांच्या डोक्यावर संघाच्या टोप्या. दुकानदाराने तर दोन आठवडे दाढी केली नव्हती.

"आजचा आणि उद्याचा एवढा सामना होऊ दे," रेनो म्हणाला. "सोमवारी मोठ्या संघाशी गाठ आहे, हरणारच. पुढच्या शनिवारी मी स्वतः न्यायला येतो तुला."

"बरं," आयली म्हणाली. आणि मग, "पाणी कसं आहे रे?"

"गार," रेनो म्हणाला. खरं म्हणजे संघ जिंकायला लागल्यापासून त्याने पाण्यात पायही घातला नव्हता.

सोमवारी संघ हरला. साधासुधा नाही, पार धूळ चाटवली समोरच्यांनी. आणि नवल म्हणजे रेनोला वाईट वाटलं नाही. खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखं वाटलं. त्याने सदरा काढून बर्नीसच्या हातात दिला आणि तसाच बनियनवर फोनकडे गेला. क्लॅरेन्सने फोन उचलल्या उचलल्या तो आनंदाने म्हणाला, "हरलो रे बाबा एकदाचे! तिला सांग, सामान बांध म्हणावं."

 क्लॅरेन्सने सांगितलं की रविवारी दुखणं असह्य झालं म्हणून तिला रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि परत शिवून टाकलं. आत कापण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, सगळीकडे पसरलं होतं. आता घरी नेता आलं तर न्यायचं. तळ्यावर वगैरे नाही.

क्लॅरेन्स मुळात कमी बोलणारा माणूस. चाळीस वर्षांत त्याने रेनोला वाकडा शब्द ऐकवला नव्हता, आणि आताही आवाज चढवला नाही. "रोज रेडिओ लावून बसायची ती," तो म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा आपण हरावं म्हणून बसायची. समोरच्याने चेंडू लांब मारला की हळूच टाळी वाजवायची, आणि मग माझ्याकडे बघून लाजायची. आणि आपण जिंकलो की म्हणायची, जाऊ दे, रेनो खूष असेल." आणि मग म्हणाला, "ते घर दोघांचं होतं, रेनो."

रेनोने फोन ठेवला आणि तो खुर्चीत बसून राहिला. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणारे मूर्ख त्याने खूप बघितले होते, खाणीत, दारूच्या गुत्त्यात, जुगारात. आपण त्यांतले नाही असं त्याला वाटायचं. बर्नीस काहीतरी बोलेल, निदान रागावेल तरी, म्हणून तो वाट बघत राहिला, पण ती नुसती शेजारी येऊन उभी राहिली. ते त्याला जास्त लागलं.

तो दुसऱ्याच दिवशी डुलुथच्या रुग्णालयात जाऊन आला. आयली उशीत बुडाली होती आणि त्याला बघून म्हणाली की तुझा सदरा धुतलेला दिसतोय. तो माफी मागायला गेला होता. पण तिने सामन्याचंच काढलं, त्या पिचरला इतका वेळ चेंडू टाकत ठेवायला कुणी सांगितलं होतं वगैरे, आणि त्याला बोलायला जागाच ठेवली नाही.

शनिवारी तो पहाटे उठून एकटाच तळ्यावर गेला. दुधाचा मोठा कॅन घेऊन तो धक्क्याच्या टोकाशी गेला, आणि तिथे त्याला वाटलं की काठाचं पाणी काय कामाचं. मग त्याने नाव काढली, खडकापर्यंत वल्हवत गेला आणि तिथलं पाणी भरलं. हात दुखेपर्यंत गार होतं. कॅन ट्रकच्या मागे दोरीने बांधून तो डुलुथला निघाला. रेडिओ लावला नाही. दुपार चढत गेली, रस्त्याची कामं चालू होती, ऊन असं की डांबर वितळत होतं, आणि रेनोला घाई एवढी झाली होती की कॅनवर एखादी ओली चादर टाकावी हेही त्याला सुचलं नाही.

परिचारिकेने आधी नाही म्हटलं, मग त्याचं तोंड बघून तीच परात घेऊन आली. क्लॅरेन्सने आयलीला धरून पलंगाच्या कडेला बसवलं. रेनो गुडघे टेकून खाली बसला. कॅनमधलं पाणी त्याने परातीत ओतलं, त्यात पाइनचं एक सुकलं पान तरंगत होतं. आयलीने ते पान बघितलं आणि हसली. पाय तिने स्वतःच उचलून पाण्यात ठेवले. ते पाय काठीसारखे झाले होते.

तिने डोळे मिटले.

"कसं आहे?" रेनोने विचारलं.

"गार आहे रे," आयली म्हणाली. "अगदी गार, भित्र्या."

रेनोला बरं वाटलं. तिच्या पायांवर पाणी घालावं म्हणून त्याने परातीत हात घातला. पाणी कोमट होतं, अंघोळीला काढल्यासारखं. त्याने मान वर करून बघितलं. आयलीचे डोळे मिटलेलेच होते आणि ती हळूहळू पाय हलवत होती, दूर कुठेतरी पोहत निघाल्यासारखी. तो ओंजळीओंजळीने ते कोमट पाणी तिच्या पायांवर घालत राहिला.