झोपलेल्यांची हजेरी

"सगळ्यांना शांत करणारी तुझी आई घरी एवढी का ओरडते गं?"

हा प्रश्न आईलाच तोंडावर विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. भोंगा पैज सोडणाऱ्यांतली नव्हती. मागच्या वर्षापर्यंत वर्गात तिचा आवाजही कुणी ऐकला नव्हता. मग वक्तृत्वाचं एक बक्षीस पदरात पडलं, गाडी सुटली ती सुटलीच, आणि मैत्रिणींनी तिचं नाव भोंगा ठेवलं. घरी विचारलं तर पाठीत धपाटा ठरलेला. म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर तिने थेट सरकारी दवाखाना गाठला. चार लोकांदेखत आई हात उचलणार नाही, असा तिचा होरा.

आई मानसोपचार विभागात सिस्टर. दर बुधवारी ती बारा बायकांचा सजगतेचा वर्ग घ्यायची. नैराश्याच्या गोळ्यांना जोड म्हणून आठ आठवड्यांचा हा उपचार. डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, मन भरकटलं तर त्याच्यावर रागवायचं नाही, हळूच परत आणायचं. आम्ही भरकटलो की मात्र रागवायचं, असं भोंग्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि तोंडाला कुलूप लावायला सांगितलं.

खोली कसली, अडगळच ती. एका भिंतीशी मोडकी स्ट्रेचरं, दुसरीशी औषधांची रिकामी खोकी, आणि दाराबाहेर नंबर पुकारणारा शिपाई. त्या गोंगाटात आई बोलायला लागली आणि भोंगा चाटच पडली. घरी आईचा आवाज म्हणजे पत्र्यावर पडलेला दगड. इथे नुसती साय. हा आवाज आपल्या वाट्याला कधी आला होता, हे तिला आठवेना.

पाचव्या मिनिटाला पहिली मान कलली. पंधराव्या मिनिटाला बारातल्या आठजणी गाढ. एक तर अगदी मनापासून घोरत होती. भोंग्याला हसू फुटणार, एवढ्यात तिने आईचा चेहरा पाहिला आणि ते घशातच राहिलं.

आईच्या मांडीवर हजेरीपट होता. भानगड काय आहे हे भोंग्याला माहीत होतं, कारण घरात आठवडाभर तोच विषय चालू होता. वर्ग सुरू करणाऱ्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचा नियम सरळ होता. तास संपताना जी जागी नसेल ती गैरहजर. इथे सजग व्हायला बोलावलंय, डुलक्या काढायला नाही. आणि आज निदान आठजणींची हजेरी भरली नाही, तर वर्ग बंद. मग राहिल्या त्या गोळ्या.

चार जाग्या होत्या. आणखी चार हव्या होत्या.

आई उठली. पहिलीच्या खांद्यावर तिने हात ठेवला. ती शिवणकाम करणारी बाई. हात लागताच ताडकन सरळ झाली आणि डोळे उघडायच्या आत म्हणाली, "आले, आले." दुसरीनेही तेच केलं. तिसरी तर अर्धी उभी राहून पायाने चप्पल चाचपायला लागली. कुणी बोलावलं, कशाला बोलावलं, काही विचारणं नाही. फक्त आले.

झाल्या सात. घोरणारीच्या खांद्यापाशी आईचा हात थांबला. बराच वेळ तिथेच राहिला. मग तिने तो मागे घेतला, खुर्चीत येऊन बसली आणि तास संपेपर्यंत उठली नाही.

घरी परतताना आई पाय ओढत चालत होती. भोंग्याला राहवेना. एकीलाच तर उठवायचं होतं, आठ झाल्या असत्या, असं ती म्हणाली.

"अख्ख्या आठवड्यात तिला फक्त इथे कुणी हाक मारत नाही," आई म्हणाली. "इथेही मीच मारू?"

"पण वर्ग बंद पडेल ना."

"पडेल कदाचित. डॉक्टरीणबाईंना लिहिते, आधी अर्धा तास झोपू द्या, मग शिकवू."

"ऐकतील त्या?"

"काय माहीत." एवढंच बोलून आईने पिशवीचा हात बदलला. पैजेचा प्रश्न भोंग्याच्या जिभेवर होता, तो तिने तसाच गिळला.

घरी आल्या आल्या आई चपलांसकट टेबलाशी बसली. हजेरीपटावर सात लिहिलं. खाली पत्र सुरू केलं, 'वर्ग बंद करण्याआधी एका बुधवारी स्वतः येऊन बसा,' आणि तिथेच पेन थांबलं. मान छातीवर आली. इतक्यात आतून बाबांचा आवाज आला, "अगं, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

आई दचकली. पेन खाली पडलं. डोळे मिटलेलेच होते आणि ती खुर्चीतून उठायलाही लागली होती.

"आले, आले."

सकाळपासून आपण स्वतः किती हाका मारल्या, ते भोंग्याने मोजायला घेतलं. डब्याला एक, रिबिनीला एक, हरवलेल्या वहीला तीन. पुढे मोजवेना. तिने आईला खांद्याला धरून परत बसवलं, वाकून तिच्या चपला काढल्या, आणि बाबा चष्म्याविना चाचपडत बाहेर येईपर्यंत थांबली.

"बाबा, चष्मा तुमच्या डोक्यावर आहे," ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम खाली ठेवला होता. "आणि दोघंही ऐका, माझं ठरलंय. आजपासून रोज साडेसहा ते सात आई घरात नाही असं समजायचं. कुणाला काही सापडत नसेल, काही जळत असेल, दाराशी कुणी आलं असेल, मला सांगायचं. आईला हाक मारायची नाही. मीसुद्धा नाही."