उन्हाकडचे ओक

फिदेन्सिओ सुताराची तीन वर्षं संपत आली होती. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरात गावसभेने एकदा हात वर करून रानाचा कारभार गळ्यात घातला की नाही म्हणायची सोय नसते, आणि पगाराचं तर नावच काढू नये. त्याच्या सुतारशाळेला कुलूप होतं, रंध्याला गंज चढला होता. रविवारच्या सभेने त्याची ओकांची लागवड पसंत केली की तो सुटणार होता.

डोंगराला बाजू दोन. उत्तरेकडे धुकं अडतं, माती ओली राहते, तिथे ओक कुणी न लावता माजलेत. दक्षिणेकडे ऊन, मुरूम आणि काटेरी झुडपं. पण रस्ता दक्षिणेने जातो, आणि कौतुक करणारे रस्त्यानेच येतात. फिदेन्सिओने अक्कल पाजळून दक्षिण निवडली.

त्याची वहिनी बासिलिया त्या उतारावर जन्मभर सरपण वेचत आलेली. ती म्हणाली, "भावजी, झुडपं ठेवा. ओकाचं रोप त्यांच्याच सावलीत तग धरतं."

"झुडपांत रोप दिसणार कुणाला, वहिनी?"

"दिसायला लावताय की जगायला?"

फिदेन्सिओ हसला. गावकीच्या कामाला घरटी एक माणूस आला, झुडपं साफ झाली, दोरी धरून तीनशे रोपं रांगेत उभी राहिली. वर सगळ्यांनी मेस्काल दारूचा घोटही घेतला. ऊन मात्र गावसभेचं ऐकत नाही. पाऊस सरून दोन महिने झाले नाहीत तोच रोपांच्या काड्या झाल्या.

सुतारच तो, लाकडावर उपाय लाकडाचाच. शनिवारी दिवसभर त्याने उत्तरेकडच्या फांद्या तोडल्या, गाढवावर लादून आणल्या आणि खड्ड्याखड्ड्यात खोचल्या.

रविवारी सगळी सभा रस्त्यावर येऊन उभी राहिली. हिरवागार उतार पाहून म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. फिदेन्सिओच्या डोळ्यांपुढे रंधा नाचू लागला. तेवढ्यात बासिलिया घागरा खोचून वर चढली, एक रोप सहज उपटलं आणि घेऊन आली. मुळं नव्हती. वर टोपीवाली सात फळं मात्र लटकत होती.

"सहा महिन्यांचं रोप," ती म्हणाली, "आणि याला पोरंसुद्धा झाली. मंडळी, इतका गुणी माणूस आपण सोडायचा?"

आधी हसणं झालं, मग हात वर गेले. एकही खाली राहिला नाही. आणखी तीन वर्षं.

फिदेन्सिओला खरोखर रडू आलं. "वहिनी, आता मी करू काय?"

"आधी झुडपं वाढू द्या. शेळी फिरकली तर हाकला. मग त्यांच्या सावलीत बी टोचा."

"झुडपं वाढायला किती दिवस?"

"तीन वर्षं तरी लागतील, भावजी."

संध्याकाळी त्याने सुतारशाळा उघडली, रंध्याला तेल लावलं आणि पुन्हा कुलूप घातलं.